दूध तोडू नकोस, फवारणीचे कपडे उंबऱ्याबाहेर ठेव

तू माझ्या लेकीच्या वयाची, म्हणून एकेरी लिहिते. तासगावजवळ द्राक्षबागेला लागून घर, बाळ अडीच महिन्यांचं. मोबाइलवर 'आईच्या दुधात डीडीटी' वाचून जाऊबाई म्हणतात, पावडरचा डबा आण. आणि तू विचारतेस, अंगावरचं तोडू का? अजिबात नको.

बातमी खोटी नाही. आईच्या दुधात डीडीटी असतं हे अमेरिकेतल्या तपासणीत १९५१ सालीच दिसलं होतं. डीडीटी, बीएचसी ही जुनी कीडमारक औषधं, पाण्यात न विरघळणारी. लघवीवाटे सहजी निघून जात नाहीत, चरबीत जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं हलत नाहीत. दुधातली चरबी बरीचशी आईच्या अंगातलीच, तिच्याबरोबर तीही उतरतात. मग तपासायला दूधच का घेतात? अंगातल्या चरबीचा तुकडा काढून कोण देणार! दूध सहज मिळतं. म्हणूनच अशा टिकून राहणाऱ्या विषारी रसायनांवरच्या २००१ च्या स्टॉकहोम कराराखाली जगभर आईचं दूध तपासतात. जे तुझ्या दुधात, ते जाऊबाईंच्या आणि सासऱ्यांच्या अंगातही आहे. त्यांचं कुणी तपासत नाही, एवढंच.

आमच्या लहानपणी हिवतापाचे फवारणीवाले यायचे. भांडी-अंथरुणं अंगणात काढायची, भिंतीवर पांढरा थर बसायचा, जाताना ते चौकटीशेजारी तारीख लिहून जायचे. आजी ज्वारीच्या कणगीत बीएचसी भुरभुरायची आणि उरलेली पावडर म्हशीच्या गोचिडांना चोळायची. त्याच म्हशीचं दूध आम्ही प्यायलो. पुढे शेतीतून डीडीटी १९८९ साली गेलं, बीएचसी १९९७ साली. एंडोसल्फान हे आणखी एक कीडनाशक २०११ साली सुप्रीम कोर्टानं थांबवलं. बंदी आली तिथे दुधातलं प्रमाणही उतरत गेलंय. स्वीडनमध्ये तर १९६७ पासूनच्या दुधाचे आकडे आहेत, दर दहा वर्षांनी खाली आलेले दिसतात. तुझ्या दुधात जे काही असेल ते मुख्यतः आज्यांच्या कणगीतलं, परवाच्या फवारणीतलं नव्हे.

म्हणून दूध पिळून टाकून ते साफ होत नाही, आणि चार दिवस पथ्य करूनही नाही. बाळंतपणानंतर झटपट वजन उतरवायच्या नादी मात्र लागू नकोस. चरबी झरली की तिच्यातलं साठलेलं बाहेर पडतं. डिंकाचे लाडू खुशाल खा. हे सगळं माहीत असूनही जागतिक आरोग्य संघटना सहा महिने फक्त आईचं दूध आणि पुढे वरच्या खाण्याबरोबर दोन वर्षं किंवा जास्त, असंच सांगते. शिवाय डब्यातली पावडर कालवणार कशात? बागेतल्या बोअरच्याच पाण्यात ना?

आता बागेचं. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की दावण्या या बुरशीच्या रोगाच्या धास्तीनं रोज औषध उडवणारा ब्लोअर फिरतो, मला ठाऊक आहे. आमचीही दीड एकर होती. आजची बरीचशी औषधं डीडीटीसारखी वर्षानुवर्षं चरबीत साठत नाहीत, पण म्हणून ती निरुपद्रवी नाहीत. ती उडत येतात, कपड्यांवरून, हातावरून येतात. माझा थोरला दीड वर्षाचा असताना हे फवारून आले आणि तसंच त्याला खांद्यावर घेतलं. संध्याकाळी पोराचे डोळे लालभडक, गाल पुरळानं भरलेले. चूक आमचीच. त्या दिवसापासून फवारणीचे कपडे परड्यातल्या खुंटीवर, वेगळ्या घमेल्यात धुवायचे आणि आंघोळ झाल्याशिवाय पोराला हात लावायचा नाही. यांना आधी राग यायचा, नंतर सवय झाली.

ब्लोअरचा आवाज आला की बाळाची दुपटी दोरीवरून आत घे, बागेकडची खिडकी लाव. दूध पाजतेयस तोवर औषध कालवायला, पाइप धरायला जायचं नाही, मजूर मिळो न मिळो. सासूबाईंना हे तुझ्या नवऱ्यानं सांगावं, तू नको.

आणि एक. बाळाच्या आंघोळीचं पाणी निळ्या कॅनमध्ये साठवता असं तू सहज लिहून गेलीस. तो औषधाचाच रिकामा कॅन असणार, आमच्याकडेही होता. कितीही विसळला तरी तो पाण्यासाठी नाही. आज रात्रीच भोकं पाडून टाक, नाहीतर उद्या परत कुणीतरी भरून ठेवेल.