मॉड्युलर सिंथेसायझरवरचा प्रायोगिक अल्बम ऐकायचा तरी कसा?

चाल नाही, ठेका नाही, मग यात ऐकायचं काय, असं तुम्ही विचारलंय. नाद कसा बदलतो ते ऐकायचं.

तुम्ही सांगलीचे आहात ना? मग मिरजेत सतारमेकरांकडे तंबोऱ्याची जवारी लावताना एकदा बघाच. घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकला की तोच षड्ज एकदम खुलतो. स्वर तिथेच असतो, त्यातले उपस्वर पुढे येतात. मॉड्युलर सिंथेसायझर म्हणजे सुटे भाग (मॉड्यूल) केबलींनी जोडून केलेलं इलेक्ट्रॉनिक वाद्य; त्यात हेच काम विजेवर चालतं. ऑसिलेटर सूर देतो, फिल्टर त्यातले उपस्वर छाटतो आणि तिसऱ्याच मॉड्यूलचं व्होल्टेज त्या फिल्टरची उघडझाप करत राहतं. सगळी जोडणी केबलींची. जुन्या धाटणीच्या यंत्रांत ती सेव्ह होत नाही, केबली उपसल्या की तो आवाज पुन्हा जसाच्या तसा मिळणं मुश्कील. म्हणून अशी रेकॉर्डिंग्ज मला फार मोलाची वाटतात.

सुरुवात अमेरिकन संगीतकार मॉर्टन सबॉटनिकच्या ‘सिल्व्हर ॲपल्स ऑफ द मून’पासून करा. १९६७ चा हा अल्बम बुक्ला सिंथेसायझरवर केलेला आहे. पण त्याहून आवर्जून ऐका ‘द एनआयडी टेप्स’. अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये, १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने मूग सिंथेसायझर बसवला आणि गीता साराभाईंसारख्या आपल्या लोकांनी त्यावर काम केलं. ही रेकॉर्डिंग्ज बाहेर आली थेट २०२३ मध्ये!

मोबाइलच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका, खर्ज पार गायब होतो. हेडफोन लावा आणि पहिली दहा मिनिटं गाणं पुढे ढकलू नका.