पार्टीत भिंतीला टेकून राहणाऱ्या मुलांसाठी

कोडिंग, बोर्ड गेम, ॲनिमे यांत रमणारी मुलं विद्यापीठात गेली की पार्टीत कोपरा धरतात, आणि घरून सल्ला जातो, "जरा मिसळत जा." नेमकं काय करायचं हे त्यात नसतं, म्हणून तो वाया जातो. पालकांनो, त्यांना सुरुवात नाचापासून करायला सांगा. गप्पांपेक्षा तो शिकायला सोपा आहे.

हाउस हे पार्ट्यांत वाजणारं इलेक्ट्रॉनिक संगीत साधारण मिनिटाला 120 ते 130 ठोक्यांचं असतं आणि चार-चारात मोजता येतं. आधी नुसते गुडघे सैल सोडून प्रत्येक ठोक्याला किंचित खाली जायचं. ते जमलं की उजवा पाय बाजूला, डावा त्याच्याजवळ. मग डावा बाजूला, उजवा जवळ. पाऊल छोटंच ठेवायचं. नवशिक्यांचं बिनसतं ते जवळ आणलेल्या पायापाशी: त्यावर वजन टाकलं की पुढचं पाऊल त्याच पायानं टाकता येत नाही आणि ताल सुटतो. तो पाय फक्त टेकवायचा. कोपरं वाकलेली, हात कमरेच्या वर, नजर समोर. ड्रम अँड बेस हा इलेक्ट्रॉनिक संगीताचाच वेगवान प्रकार 170 च्या आसपास पळतो. तिथे एकाआड एक ठोका धरावा, नाहीतर एका गाण्यातच दम लागतो. रोज दहा मिनिटं सराव पुरे.

गेमचं वेड असेल तर कोनामी या जपानी कंपनीचा 1998 चा 'डान्स डान्स रेव्होल्यूशन' हा व्हिडिओ गेम खरंच कामाचा आहे. चार बाणांवर पाय टाकताना ताल अंगात मुरतो. मात्र डोळे पडद्याला चिकटतात आणि कमरेच्या वरचं अंग ताठ राहतं, म्हणून तेच गाणं पडद्याशिवायही नाचून पाहावं.

पार्टीला जरा लवकर पोहोचावं. उशिरा गेलं तर घोळके आधीच जमलेले असतात. बोलायचं तर स्पीकरपासून लांब, जिन्यात किंवा स्वयंपाकघरात. आवडीच्या विषयावर दोन-तीन वाक्यं बोलून थांबावं. समोरच्यानं पुढचं विचारलं तर रंगवून सांगावं, नाहीतर त्याला त्याच्या आवडीचं विचारावं. नाचताना हातभर अंतर ठेवावं. कुणी पाठ फिरवली किंवा मागे सरकलं तर तो नकार समजून बाजूला व्हावं, हे मुलग्यांना घरातच स्पष्ट शब्दांत सांगा. प्यायची नसेल तर कारणं देत बसू नये. हातात पाण्याचा ग्लास असला की आग्रह कमी होतो. मात्र तो ग्लास कुठे ठेवून नाचायला गेलं, तर परत येऊन त्यातलं पिऊ नये.

कानांकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. 100 डेसिबलला सुरक्षित वेळ सुमारे 15 मिनिटंच धरतात. फोमच्या बोळ्यांनी बोलणं दबतं. संगीतकार वापरतात ते इअरप्लग आवाज सारखा कमी करतात, त्यामुळे तालही कळतो आणि बोलणंही.

तुमच्याकडून एवढंच: पार्टी चालू असताना फोन करू नका, निघाल्यावर एक मेसेज टाकायचं ठरवून घ्या. आणि दुसऱ्या दिवशी "किती जणांशी ओळख झाली?" असं विचारू नका; गाणी कोणती लागली होती, ते विचारा.