ऑपरेशन पोटाचं, मग चालायला का लावलं?

प्रश्न : सासरे 78 वर्षांचे. पोटातली महाधमनी फुगलीय, सीटीत 5.8 सेंटिमीटर. सर्जन ऑपरेशन म्हणाले, पण तारीख द्यायच्या आधी त्यांना पॅसेजमध्ये चालवलं, यंत्राची मूठ दाबायला दिली, कागदावर घड्याळ काढायला लावलं. टू-डी इको तर नॉर्मल आहे. हा वेळकाढूपणा नाही ना?
– एक सून, लालबाग

उत्तर : नाही हो. इको हृदयापुरता बोलतो. पोट उघडून महाधमनीला चिमटा लावतात, तेवढा वेळ पायांकडचं रक्त थांबतं. हा धक्का पचवायला अंगात किती शिल्लक आहे, ते बघायचं असतं. आम्ही त्याला ‘फ्रेल्टी’ म्हणतो. माझी आई ‘आता अंगात राम नाही’ म्हणायची, ते जास्त नेमकं.

हे नुसत्या वयावरून कळत नाही. शिवाजी पार्कला रोज फेऱ्या मारणारे ऐंशीचे आजोबा ठणठणीत असतात आणि पासष्टीचा माणूस हात टेकल्याशिवाय खुर्चीतून उठत नाही.

माझ्या ओपीडीत जमिनीवर चार मीटर अंतराने दोन रेघा आहेत. नेहमीच्या चालीने पाच सेकंदांहून जास्त लागले की मी सावध होते. पण त्याआधी नजर जाते ती कंबरेच्या पट्ट्याकडे. खिळ्याने पाडलेलं नवं भोक दिसलं की विचारते, “काका, हे कधी पाडलं?” वर्षभरात आपोआप चार-पाच किलो उतरले असतील, तर ते वयावर ढकलू नये.

घड्याळ डोक्यासाठी. ज्यांना आधीच विसर पडतो, त्यांना ऑपरेशननंतर भ्रम होण्याची भीती जास्त. रात्री सलाइन उपटून “पाळीला जायचंय” म्हणणारे निवृत्त गिरणी कामगार मी पाहिलेत.

अशक्त निघाले म्हणजे ऑपरेशन रद्द, असं नाही. पुरुषांत साधारण 5.5 सेंटिमीटरनंतर ऑपरेशनचा विचार होतोच, कारण महाधमनी फुटली तर बहुतेक जण वाचत नाहीत. धमनीची ठेवण जुळली तर जांघेतून स्टेंट-ग्राफ्ट, म्हणजे धमनीला आतून अस्तर देणारी जाळीदार नळी, घालता येतो. ब्युनोस आयर्सला हुआन परोदींनी 1990 मध्ये ही वाट पाडली. त्यात शरीराला मार कमी, पण पुढे स्कॅन कायमचे. मध्ये काही आठवडे मिळालेच, तर कोणता व्यायाम चालेल आणि आहारात प्रथिनं किती वाढवायची, ते सर्जनना विचारा.

पुढच्या खेपेला तुम्ही बरोबर जा. “तीन जिने चढतो” असं ते छाती काढून सांगतील. मध्ये कितीदा थांबतात, आंघोळीला हात द्यावा लागतो का, वर्षात कितीदा पडले, हे तुम्ही सांगा. समोर बोलायला संकोच वाटला तर चिठ्ठी द्या. माझ्याकडे सुनांच्या अशा चिठ्ठ्या बऱ्याच येतात.