क्लास की कोर्ट?

प्रश्न : मी एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. न्यायाधीश व्हायचं आहे. पुण्यात क्लास लावू की इथेच एखाद्या वकिलांकडे ज्युनिअर म्हणून जाऊ? बाबा शेती करतात. त्यांचं म्हणणं, वकिलीत पाच वर्षं पैसा दिसत नाही.
– एक वाचक, विटा

उत्तर : बाबा खोटं बोलत नाहीत. पहिल्या वर्षी माझ्या सिनिअरांनी मला दिवाळीला साडी आणि पाचशे रुपये दिले होते. बाकी वर्षभर चहा त्यांचा.

पण तुझा निम्मा प्रश्न सुप्रीम कोर्टानेच सोडवलाय. मे २०२५ च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान ३ वर्षांची वकिली आवश्यक केली, आणि ती तात्पुरत्या सनदेच्या (वकिलीच्या परवान्याच्या) तारखेपासून मोजायची. म्हणजे शेवटच्या वर्षाचा निकाल हातात पडला की आधी सनदेचा अर्ज. बार कौन्सिलची परीक्षाही लगेच उरकून घे; तिथे टिपा नसलेलं कायद्याचं पुस्तक सोबत नेता येतं.

सिनिअर निवडताना नाव किती मोठं ते बघू नकोस, ज्युनिअरला लिहायला देतात का ते बघ. माझे सिनिअर जमिनीचे दावे चालवायचे. सहा महिने मी तारखा डायरीत उतरवल्या, नकलेचे अर्ज दिले आणि पुकारा झाला की 'सर दुसऱ्या कोर्टात आहेत, थोडी सवड मिळावी' एवढंच बोलले. मग एका दुपारी त्यांनी बांधाच्या भांडणाचे कागद पुढ्यात टाकले, 'निशाणी पाच लिही.' (म्हणजे तूर्तातूर्त मनाईचा अर्ज. बार रूममध्ये त्याला पूर्ण नावाने कोणी हाक मारत नाही.) मी सात पानं लिहिली. त्यांनी साडेचार खोडली आणि विचारलं, 'चतुःसीमा कुठायत?' मी सातबारा उलटापालटा करून बघितला. जमिनीच्या चारी बाजूंच्या या हद्दी त्यात नसतात, अशिलाला विचारून घ्यायच्या असतात, हे कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं. उद्या तू खुर्चीवर बसशील तेव्हा असाच अर्ज समोर येईल, आणि मनाई नेमक्या कुठल्या तुकड्याला द्यायची, हे तुला त्यातूनच शोधावं लागेल.

तेव्हा विट्यातच राहा. घरचं जेवण, खोलीभाडं नाही, अभ्यास पहाटे. मात्र रुजू होण्याआधी 'महिन्याला किती द्याल, सर?' हे स्पष्ट विचार. आम्हाला लाज वाटायची.