वाचकांचे प्रश्न : अण्णांची स्मरणिका

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयाची देवघेव अण्णांनी साठ वर्षांहून जास्त काळ सांभाळली, एक पैसा मानधन न घेता. गेल्या माघात ते गेले, वयाच्या ९१व्या वर्षी. वर्षश्राद्धाला स्मरणिका काढायची आहे. पण आलेल्या सगळ्या लेखांत एकच : निगर्वी, निःस्वार्थी, ऋषितुल्य. अण्णांनी स्वतः काही लिहून ठेवलेलं नाही. किल्ल्या त्यांच्याकडे आल्या कधी यावरही वाद आहे. कोणी १९५६ म्हणतं, कोणी १९६२.
– एक वाचक, वाळवा तालुका

उत्तर : लिहून ठेवलेलं नाही असं कसं म्हणता? दाखल नोंदवही, देवघेवीचं रजिस्टर, वर्गणीची पावतीपुस्तकं हे सगळं त्यांच्याच हातचं लेखन आहे. स्मरणिकेचा कणा तोच ठेवा. सगळी रजिस्टरं वाचायला जमणार नाही, म्हणून चार वर्षं निवडा : सर्वांत जुनं सापडेल ते, १९७२चं दुष्काळाचं, २००५च्या पुराचं आणि शेवटचं. प्रत्येकातला एकच आठवडा नीट वाचा. कोणाच्या नावावर पुस्तक गेलं, ते परत कधी आलं, विलंबशुल्क लावलं की सोडलं. शेऱ्याच्या रकान्याकडे विशेष लक्ष द्या. ‘पान फाटके, चिकटवून दिले’ अशी एखादी ओळ त्यांच्या अक्षरात सापडली, तर ते पान आहे तसं पूर्ण आकारात छापा. दहा विशेषणांचं काम ती ओळ करते.

सालाचा वाद कागदच सोडवतील. दक्षिण सातारा जिल्हा १९४९ साली वेगळा झाला आणि त्याचं नाव सांगली झालं ते १९६०च्या नोव्हेंबरात. त्यामुळे अण्णांची सही असलेल्या पावतीवर ‘जि. दक्षिण सातारा’ असा शिक्का दिसला, तर १९६२ बहुधा बाद. बहुधा एवढ्यासाठी, की जुना शिक्का पुढंही काही वर्षं वापरला जातो. वर्गणी रुपये-आणे-पैत असेल तर पावती बहुधा १ एप्रिल १९५७च्या आधीची. ‘नवे पैसे’ दिसले तर नक्की नंतरची. छापील कागदावर पिनकोड असेल तर तो १५ ऑगस्ट १९७२नंतरचा. नुसतं शकवर्ष लिहिलेलं असेल तर इसवी सनासाठी त्यात ७८ मिळवा. पौष ते फाल्गुनाची तिथी जानेवारीनंतर पडत असेल तर ७९. वयाचंही तपासा. दाखल्यावर जन्मतारीख १ जून असेल, तर ती शाळेत नाव घालताना गुरुजींनी मांडलेली असण्याची शक्यता मोठी. मग ‘सुमारे ९१’ लिहिलेलं बरं.

आठवणी लेखी मागवू नका, घरी जाऊन ऐका. दोघांनी जावं, एकानं विचारावं, दुसऱ्यानं नावं टिपावीत. मोबाइल विमान मोडवर टाका, नाहीतर फोन आला की रेकॉर्डिंग तुटतं. पाऊण तास पुरे. ‘अण्णा कसे होते?’ विचारलं की ‘देवमाणूस’ एवढंच येतं. त्याऐवजी ‘तुमच्या घरी पुस्तक कोण आणून द्यायचं?’ ‘पुराचं पाणी चढलं तेव्हा कपाटं कोणी उचलली?’ असं विचारा. साल आठवत नसेल तर कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७) किंवा बहात्तरचा दुष्काळ यांच्या आधी की नंतर, एवढं विचारलं तरी पुरतं.

छपाईचं थोडक्यात. मध्ये पिन मारायची असेल तर पानांची संख्या चारच्या पटीत लागते. ४८ पानं, आत ७० जीएसएम वजनाचा मॅपलिथो कागद, मुखपृष्ठाला आर्ट कार्ड, एवढं छान होतं. फोटो व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच मागवा. साधा पाठवला की तो बारीक होतो आणि छापताना फुटतो. पाच इंच रुंद छापायचा फोटो किमान १५०० पिक्सेल रुंद हवा. मजकूर युनिकोडमधून प्रेसच्या जुन्या फॉन्टमध्ये नेताना ‘पायऱ्या’, ‘दुसऱ्या’ यांतला ऱ्य हमखास तुटतो, म्हणून प्रूफ कागदावरच वाचा. देणगीदारांच्या यादीत प्रत्येकाकडून आपापल्या नावापुढं सही घ्या. चुकलेलं नाव माणसं वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

आणि तारीख : वर्षश्राद्ध तिथीनं असतं. ती गेल्या वर्षीच्या तारखेच्या साधारण अकरा दिवस आधी येते, मध्ये अधिक महिना आला तर अठरा-एकोणीस दिवस पुढं जाते. प्रेसला तारीख सांगण्याआधी पंचांग बघा.

प्रश्न : चाळीस वर्षं फुकट बालवाडी चालवणाऱ्या आजींचा एकुलता एक जुना फोटो २०१९च्या पुरात भिजून फ्रेमच्या काचेला चिकटला आहे. सोडवावा कसा?
– एक वाचक, सांगली

उत्तर : सोडवू नका. ओढला की चेहऱ्याचा थर काचेवरच राहतो. ब्लेड नको, हेअर ड्रायरही नको. काच बाहेरून कोरड्या सुती कापडानं पुसा आणि काचेसकट फोटो काढा : फ्लॅश बंद, उजेड एका बाजूनं तिरका, मोबाइलमागं काळं कापड धरा म्हणजे काचेत प्रतिबिंब येत नाही. ती प्रत आधी दोन ठिकाणी साठवा. मूळ फ्रेम जतनाचं काम जाणणाऱ्याकडेच द्या. मागच्या पुठ्ठ्यावर पांढरी बुरशी असेल तर ती घराबाहेर, तोंडाला मास्क लावून, मऊ कोरड्या ब्रशनं झाडा. ओल्या फडक्यानं पुसली तर ती आणखी आत शिरते.

प्रश्न : वडिलांच्या नावानं शाळेत दरवर्षी बक्षीस ठेवायचं आहे. किती रक्कम द्यावी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : उलटा हिशोब करा. ३,००० रुपयांचं बक्षीस आणि सहा टक्के व्याज धरलं तर ५०,००० लागतात. पण व्याजदर उतरतो, म्हणून बक्षीस २,००० ठेवा आणि उरलेलं व्याज मुद्दलात मिळवा. ठेव संस्थेच्या नावावर असू द्या, मुख्याध्यापकांच्या किंवा अध्यक्षांच्या नावावर नको. माणूस बदलला की पावती सापडत नाही. रक्कम ‘कायम निधी’ म्हणून देत आहोत आणि फक्त व्याजच खर्चावं, असं पत्र सोबत द्या. त्याची पोच घ्या आणि पावतीवरही ‘कायम निधी’ हे शब्द लिहून घ्या.