सोसायटीचं 'कौन्सिल' कोणतं?

दादरच्या एका वाचकांनी त्यांच्या सोसायटीच्या फलकावरची सूचना कळवली आहे: 'पुनर्विकास कराराचा मसुदा आपल्या कौन्सिलकडे पाठवला आहे.' ते विचारतात, आमच्याकडे कमिटी आहे, हे कौन्सिल कधी नेमलं?

नेमलं नाही हो. सेक्रेटरींना वकील म्हणायचं होतं. इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द आहेत. ज्याच्या शेवटी सी-आय-एल, ते कौन्सिल म्हणजे परिषद, मंडळ. ज्याच्या शेवटी एस-ई-एल, ते कौन्सेल म्हणजे सल्ला, आणि कोर्टात तुमची बाजू मांडणारा वकीलही. इंग्रजांच्या तोंडीही दोन्ही जवळपास सारखेच ऐकू येतात, त्यामुळे देवनागरीला बोल लावण्यात अर्थ नाही.

मुळं लॅटिनमधली. सभेच्या शब्दात तिथे 'क' होता, कॉन्किलियुम. मसलतीच्या शब्दात 'स', कॉन्सिलियुम. पुढे त्या 'क'चा घसरत घसरत 'स' झाला आणि घोटाळ्याला सुरुवात झाली. इंग्रजीत शेकडो वर्षं लोक एकाच्या जागी दुसरा बिनदिक्कत लिहीत होते. तेव्हा सेक्रेटरी एकटे नाहीत!

टिळकांच्या चरित्रात दोन्ही शब्द भेटतात. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात मुंबई हायकोर्टात त्यांनी कौन्सेल न देता स्वतःच बाजू मांडली. ताईमहाराज प्रकरणात, म्हणजे दत्तकाच्या वादात, १९१५ साली त्यांच्या बाजूने निकाल दिला तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, तेव्हाच्या शेवटच्या अपिलाच्या जागेने. पहिल्या ठिकाणी माणूस, दुसऱ्या ठिकाणी मंडळ. 'बार कौन्सिल'मध्ये मात्र दोन्ही एकत्र नांदतात: मंडळ सी-आय-एलवालं, आत बसलेले सगळे एस-ई-एलवाले.

खरी गंमत 'कौन्सिलर'ची. मुंबई महापालिकेत २२७ नगरसेवक निवडून येतात, ते सी-आय-एलचे. दहावीच्या निकालानंतर मुलाला ज्यांच्याकडे नेतात ते समुपदेशक एस-ई-एलचे. आमच्या शेजारच्या काकूंनी 'नातवाला कौन्सिलरकडे नेलं होतं' म्हटल्यावर काकांनी विचारलं, 'का, गटार तुंबलंय?'

सूचनेत 'वकिलांकडे' एवढंच लिहावं. आणि मसुदा खरोखर वकिलांकडेच गेलाय ना, हे सेक्रेटरींना एकदा विचारून घ्या.