आबांच्या आठवणी कशा जपायच्या?

प्रश्न: आमचे आबा गेले, वय ८४. खासबागेत कुस्त्या, मग मराठा लाइट इन्फंट्री, ७१ ची लढाई, रिटायर झाल्यावर ट्रक घेऊन पार आसामपर्यंत! वर्षश्राद्धाला नातवंडांसाठी काय करावं? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: फोटो लावालच, पण आधी त्यांची ट्रंक उघडा की. डिस्चार्ज बुक असेल तर युनिट, सर्व्हिस, मेडलं सगळं त्यात लिहिलेलं असतंय, नसेल तर बेळगावला रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात अर्ज करा. आणि तालमीतले जुने वस्ताद गाठा, तेही लवकर, मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवायचं आन् त्यांना नुसतं बोलू द्यायचं, मधी मधी सनावळ्या विचारत बसू नका. थापा वाटल्या तरी कापू नका, पैलवान माणूस थोडं वाढवूनच सांगणार. पोरांना तेच आवडतंय!